तेलाचा दाब आणि मिस्त्रीवरचा ठपका

आमच्या मामांकडे एक ट्रक होता. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की तो ऊस ओढायला लागे आणि उरलेले वर्ष मिळेल ते भाडे करी. १९९१ साली, हंगाम अगदी तोंडावर आलेला असताना, त्याच्या इंजिनाचे हेड उतरवावे लागले. धूर वाढला होता आणि चढावर ताकद पुरत नव्हती. तालुक्याच्या गावातल्या एका मिस्त्रीने चार दिवस खपून व्हॉल्व्ह घासून बसवले, गाइड बदलले, रॉकरला नवे बुश घातले आणि हेडखाली नवे पॅकिंग टाकले. ट्रक रस्त्यावर आला, गेलेली ताकदही परतली. पण आठवड्याभरात एक नवीच गोष्ट दिसू लागली. सकाळी इंजिन थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा चांगला चार किलोवर उभा राही. दुपारी भरलेली गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत सुरू ठेवून उभी केली की तोच काटा अर्ध्या किलोच्याही खाली उतरे.

मामांनी मिस्त्रीला बोलावून घेतले. "तुझ्या हातनं गाडी बाहेर पडली आन् काटा पडला," एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. "मालक, खालचं मी उघडलंच नव्हतं," एवढाच मिस्त्रीचा बचाव होता. मिस्त्रीची उरलेली मजुरी त्याला मिळाली नाही. त्या हंगामात आमच्या भागातल्या इतर ट्रकवाल्यांनीही त्याच्याकडे जाणे कमी केले. मी तेव्हा शाळेत होतो आणि मामा म्हणतात तेच बरोबर, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

हा वाद पुढे अनेक वर्षे डोक्यात राहिला. त्याचा निवाडा करायचा तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे : इंजिनातील तेलाचा दाब म्हणजे नेमके काय? ज्याला आपण 'प्रेशर' म्हणतो ते कोण निर्माण करते आणि ते कमी झाले तर त्याचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर माणसाला मिळाले त्याला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत, आणि ते मिळण्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात ती हकीकत सांगून मग मूळ खटल्याकडे वळण्याचा विचार आहे.

उडालेली खुंटी

फिरणाऱ्या आसाला वंगण लागते हे बैलगाडीच्या काळापासून सर्वांना माहीत होते. वंगण नेमके काय करते, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. रेल्वे आल्यावर हा प्रश्न पैशाचा झाला, कारण हजारो डब्यांचे आस तापून खराब होऊ लागले. इंग्लंडमधील 'इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स' या संस्थेने घर्षणाच्या संशोधनासाठी एक समिती नेमली आणि प्रत्यक्ष प्रयोगांचे काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. टॉवरचा पहिला अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला.

त्याच्या प्रयोगाची मांडणी साधी होती. ४ इंच व्यासाचा पोलादी आस आडवा फिरत होता. त्याच्या खालच्या भागाला तेलाची आंघोळ घडत होती. वरच्या बाजूला ६ इंच लांबीचे, उभ्या चिरलेल्या नळीच्या अर्ध्या भागासारखे बेअरिंग टेकवले होते आणि त्यावर वजन टांगले होते. रेल्वेच्या डब्यांत तेल घालण्याची जी पद्धत रूढ होती, तिचीही परीक्षा घ्यावी म्हणून टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर मधोमध एक भोक पाडले. यंत्र सुरू केले, तो त्या भोकातून तेल वर येऊन सांडू लागले. ते थांबवण्यासाठी त्याने बुचाचे झाकण ठोकले. ते बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा त्याने त्या भोकाला दाबमापक जोडला. बेअरिंगवर टांगलेले वजन त्याच्या क्षेत्रफळावर वाटले तर दर चौरस इंचाला फक्त १०० पौंड येत होते. काटा मात्र २०० पौंडांच्या पुढे गेला.

या घटनेचा अर्थ असा की, आस आणि बेअरिंग हे धातू एकमेकांना टेकलेलेच नव्हते. दोहोंच्या मध्ये तेलाचा एक पातळ थर होता आणि सारे वजन त्या थराने उचलून धरले होते. आणखी एक गोष्ट टॉवरच्या ध्यानात आली. ज्या जागी भोक पाडून वरून तेल सोडण्याची पद्धत अभियंत्यांनी पिढ्यान्पिढ्या चालवली होती, ती जागा म्हणजे तेल बाहेर यायला सर्वात जास्त उत्सुक असणारी जागा होती. तिथे तेल घालणे व्यर्थ होते. तेल द्यायचे तर जिथे दाब कमी आहे अशा बाजूने द्यायला हवे होते.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय पेत्रोव याने, चांगले वंगण मिळालेल्या बेअरिंगमधील घर्षण हे धातूंचे नसून तेलाच्या स्वतःच्या चिकटपणाचे असते, असे प्रतिपादन केले होते. परंतु टॉवरच्या आकड्यांचा पूर्ण उलगडा केला तो ऑस्बोर्न रेनल्ड्स याने. रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये १८८६ साली आलेल्या त्याच्या निबंधात असे दाखवले आहे की, भाराखालचा आस बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी राहत नाही, थोडा एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद अशी पाचरीसारखी होते. फिरणारा आस चिकट तेलाला ओढत त्या निमुळत्या जागेत नेतो आणि अडकलेल्या तेलात प्रचंड दाब उत्पन्न होतो. तेल तापले की त्याचा चिकटपणा किती झपाट्याने उतरतो, हेही रेनल्ड्सने ऑलिव्हच्या तेलावर मोजून पाहिले होते.

आपल्या खटल्याच्या दृष्टीने यातून निघणारे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, क्रँकचा भार उचलणारा दाब हा आसाच्या फिरण्यातून बेअरिंगमध्येच जन्मतो. चालत्या डिझेल इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोंपर्यंत जातो. काट्यावर दिसणारे दोन-चार किलो म्हणजे तो दाब नव्हे. ते फक्त तेल बेअरिंगच्या दारापर्यंत पोहोचवण्यापुरते असतात. दुसरा मुद्दा गणिताचा आहे. अरुंद फटीतून वाहणाऱ्या तेलाचे प्रमाण त्या फटीच्या घनाच्या पटीत बदलते. फट दुप्पट झाली, तर दाब तोच राहिला असता तिच्यातून आठपट तेल निसटेल. बेअरिंगची झीज डोळ्यांना दिसत नाही इतकी थोडी असली, तरी तेलाच्या दृष्टीने ती मोठे दार उघडल्यासारखी असते.

पंप आणि काटा

बेअरिंगला तेल पंपाने पुरवावे, ही कल्पना मोटारीच्या आधी वाफेच्या इंजिनांत आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीत आल्बर्ट पेन नावाचा एक आरेखक काम करीत असे. जलदगती वाफेच्या इंजिनातील सर्व सांध्यांना पंपाच्या जोराने तेल देण्याच्या पद्धतीचे पेटंट १८९० साली घेतले गेले, ते त्याच्या नावाने. दाब मोजण्याचे साधन तर त्याहून जुने होते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँने १८४९ साली ज्या मापकाचे पेटंट घेतले, त्यात एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा हलतो. जुन्या ट्रकांच्या डॅशबोर्डावर ऑइल प्रेशरचे जे मीटर असे, ते बहुधा याच जातीचे. इंजिनातून एक बारीक नळी थेट मीटरपर्यंत आलेली असे.

मोटारींनी मात्र ही पद्धत लगेच उचलली नाही. फोर्डच्या 'मॉडेल टी' या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघालेल्या गाडीत तेलाचा पंपही नव्हता आणि दाबाचा काटाही नव्हता. फिरते चाक तेल उडवी, ते एका नळीत झेलले जाई आणि आपल्या वजनाने पुढे वाहत जाई. चालकाने करायचे एवढेच की, खालच्या दोन तोट्या उघडून तेलाची पातळी पाहायची.

आपल्याकडचा एक दुवा इथे सांगण्यासारखा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि शेव्रोलेच्या मोटारी व ट्रक तिथून बाहेर पडू लागले. शेव्रोलेचे प्रसिद्ध सहा सिलिंडरचे इंजिन हे त्याच्या लगेच पुढच्या, १९२९ सालच्या गाड्यांचे. या इंजिनाची १९३७ साली जी सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात क्रँकच्या मेन बेअरिंगांना पंपाने तेल मिळे; पण कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांना ते मिळे ते रॉडांच्या टोकाला लावलेल्या पळ्या तेलाच्या द्रोणीत बुडून आणि समोरून येणारी चिळकांडी झेलून. त्यामुळे एकूण दाब फार लागतच नसे. डॅशबोर्डावरचे मीटर ३० पौंडांपर्यंतच आखलेले असे आणि निरोगी इंजिनाचा काटा १४-१५ पौंडांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने एका किलोवर, राही.

१९५३-५४ या दोन वर्षांत शेव्रोलेने ही पद्धत सोडली आणि सर्व बेअरिंगांना दाबाने तेल देणारे इंजिन स्वीकारले. योगायोगाने १९५४ सालीच जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला आणि त्याच साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक निघू लागले. या नव्या इंजिनांत धावताना काटा एका किलोवर दिसला तर ती चिंतेची बाब असे. एका पिढीच्या यंत्रात जो आकडा प्रकृती ठणठणीत असल्याचे लक्षण होता, तो पुढच्या पिढीच्या यंत्रात आजाराचे लक्षण ठरला. तेव्हा दाबाच्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणत्या इंजिनाचा, किती तापलेला असताना आणि किती फेऱ्यांवर घेतला, हे कळल्यावाचून त्यावरून काही ठरवता येत नाही.

याचे कारण पंपाच्या स्वभावात आहे. इंजिनातला तेलाचा पंप दर फेऱ्याला ठरावीक माप तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला वाटेत जितका अडथळा होईल तितका दाब काट्यावर दिसतो. ठिबक सिंचनाची नळी ज्याने शेतात अंथरली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. मोटर तीच, पाणी तेवढेच. पण मधली चार भोके मोठी झाली की शेवटच्या झाडाशी ठिबक थांबते. म्हणून काटा पडला तर प्रश्न असा विचारायचा की, तेल येते कमी की निसटते जास्त? आणि निसटत असेल तर कोठून?

वरचा मजला

आता हेडकडे वळू. ट्रकच्या इंजिनात तेलाची वाट साधारण अशी असते : खालच्या चेंबरमधून जाळीतून पंप, पंपातून फिल्टर, तिथून ब्लॉकमधली मुख्य वाहिनी, मग क्रँकची आणि कॅमची बेअरिंगे आणि सर्वात शेवटी, एका बारीक भोकातून वर, रॉकरपर्यंत. रॉकरला तेल फार थोडे लागते. त्यामुळे वर जाणारी वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. कोठे त्यासाठी लहानसा जेट बसवलेला असतो, तर कोठे भोकच बारीक असते.

ही शेवटची वाट किती नाजूक असते याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्डच्या ट्रकांत १९५४ ते १९६४ या काळात वापरल्या गेलेल्या 'वाय-ब्लॉक' व्ही-८ इंजिनात रॉकरकडे जाणारे तेल कॅमच्या मधल्या बेअरिंगवरून जात असे. ते बेअरिंग झिजले किंवा वाटेत गाळ साचला की रॉकर कोरडे पडत आणि कुरकुरू लागत. अनेकांनी यावर एक सोपा उपाय काढला : मुख्य वाहिनीला बाहेरून एक नळी जोडायची आणि थेट रॉकरच्या शाफ्टला न्यायची. रॉकरची कुरकूर थांबे. पण त्या नळीत प्रवाह रोखणारे काही नसेल तर मुख्य वाहिनीतले तेल वरच्या मजल्यावर सढळ हाताने उधळले जाई आणि खालच्या बेअरिंगांच्या वाट्याचा दाब उतरे. शिवाय मधल्या बेअरिंगची मूळ झीज तशीच राही, फक्त आता ती ऐकू येत नसे.

म्हणजे वरच्या कामामुळे दाब पडणे अशक्य नाही. मामांचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. रॉकर शाफ्टच्या टोकाचे बूच बसवायचे राहिले, शाफ्ट उलटा बसून त्याची भोके चुकीच्या बाजूला आली, बुश सैल निघाले, प्रवाह रोखणारा जेट काढून साफ केला आणि परत घालायचा विसरला, तर वर तेल वाहून जाईल. हेडचे पॅकिंग घट्ट बसले नाही आणि पाणी किंवा डिझेल तेलात उतरले, तर तेल पातळ होईल. याहून छुपा धोका साफसफाईचा आहे. जुने पॅकिंग आणि काजळी खरवडताना तिचे कण तेल परतण्याच्या भोकांतून चेंबरमध्ये पडले, तर ते पंपाच्या जाळीवर बसतात. एखादा कण रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकून तो उघडा राहतो. जनरल मोटर्सने आपल्या दुरुस्ती-केंद्रांना पाठवलेल्या एका सूचनापत्रात, पृष्ठभाग घासणाऱ्या चकत्यांतून सुटणारी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलात जाऊन बेअरिंगे खराब करते, म्हणून त्या वापरू नयेत असे बजावले आहे.

चौकशीचा क्रम

इतकी कारणे शक्य असताना खरे कारण कसे शोधावे? जाणत्या मिस्त्र्यांची जी रीत आहे, ती इतिहासाच्या साधनांची छाननी करण्याच्या रीतीहून फार वेगळी नाही.

सर्वप्रथम साक्षीदार तपासायचा. डॅशबोर्डावरच्या मीटरवर विश्वास न ठेवता ब्लॉकवर दुसरे, खात्रीचे यांत्रिक मीटर लावून पाहायचे. विजेवर चालणारे सेंडर खोटे बोलतात, जुन्या नळ्या तुंबतात. या पहिल्या पायरीवरच कित्येक तक्रारी निकालात निघतात.

दुसऱ्या पायरीला तेल पाहायचे. पातळी किती, ग्रेड कोणता, वास डिझेलचा येतो का, रंग दुधी झाला आहे का, फिल्टर योग्य जातीचा आहे का. दुरुस्तीच्या वेळी तेल बदललेले असते. आधीचा चालक झीज लपवण्यासाठी जाड तेल घालत आला असेल आणि मिस्त्रीने पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे घातले असेल, तर झालेल्या प्रामाणिकपणाचीच तक्रार होते.

तिसऱ्या पायरीला दाब कसा वागतो ते पाहायचे. थंड असतानाही कमी आणि इंजिन पळवले तरी वाढत नसेल, तर संशय जाळीवर, पंपावर किंवा रिलीफ व्हॉल्व्हवर. थंड असताना उत्तम, फेरे वाढवले की वर चढतो, पण तापल्यावर आणि मंद चालीत कोसळतो, असे असेल तर फटी रुंदावल्या आहेत. पातळ झालेले तेल त्यांतून निसटते आहे. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड असावेत, असा एक ढोबळ नियम अमेरिकन मिस्त्री सांगतात. कारखान्याच्या पुस्तकातला आकडा हाताशी असेल तर अर्थातच तो प्रमाण.

चौथी पायरी वर की खाली हे ठरवण्याची. रॉकरचे झाकण काढून इंजिन मंद चालवायचे. तेल रॉकरवर पाझरत असेल तर ठीक. धो धो वाहत असेल तर गळती वर आहे. ज्या इंजिनात वर जाणारी नळी बाहेरून आहे, तिथे ती क्षणभर बंद करून काटा पाहता येतो. काटा उडी मारून वर गेला तर दोष वरचा. जागचा हलला नाही तर चेंबर उतरवून खाली पाहणे आले. तिथे एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून बाहेरच्या टाकीतून दाबाने तेल सोडायचे आणि खाली झोपून कोणत्या बेअरिंगमधून किती वेगाने थेंब पडतात ते पाहायचे. सर्व बेअरिंगांतून थोडे थेंब पडायलाच हवेत. ज्यातून धार लागते ते झिजलेले.

मामांच्या ट्रकचा काटा सकाळी चार किलो आणि तापल्यावर अर्धा किलो दाखवत होता, हे इथे आठवावे. त्या दोन आकड्यांतच बरेचसे उत्तर होते. पंप, जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह बिघडले असते तर सकाळचे चार किलो दिसले नसते. उरली फटींची शक्यता, मग त्या वरच्या असोत की खालच्या. आणि ते ठरवण्यासाठी रॉकरचे झाकण उघडून बघायला दहा मिनिटे पुरली असती. पण चालू हंगामात गाडी उभी करायला कोणाला वेळ नव्हता, आणि दोषी कोण हे आधीच ठरलेले असल्यामुळे बघण्याची गरजही वाटली नाही.

काकतालीय

संस्कृत परंपरेत 'काकतालीय न्याय' म्हणून एक दृष्टान्त आहे. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. पाहणाऱ्याला वाटले, कावळ्यानेच फळ पाडले. दुरुस्तीनंतर दिसलेला दोष दुरुस्तीमुळेच आला, हे अनुमान याच जातीचे. ते खोटेच असते असे नाही. कावळा जड असेल आणि देठ कुजलेला असेल तर फळ त्याने पाडलेही असेल. पण ते पडण्याआधी देठ कसा होता हे पाहिलेले असल्याशिवाय सांगता येत नाही.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा पेच रोजचा आहे. एखाद्या पोथीत अशुद्ध पाठ आढळला की दोष लेखनिकाला द्यावासा वाटतो, कारण त्याचे नाव शेवटी लिहिलेले असते. परंतु त्याने समोर ठेवलेल्या मूळ प्रतीतच तो पाठ तसा असेल, तर बिचाऱ्याने इमानाने नक्कल केली इतकेच. मूळ प्रत सापडली तर निवाडा होतो. ती नसेल तर अशुद्धाच्या स्वरूपावरून तर्क करावा लागतो. नजरचुकीचे अशुद्ध वेगळे दिसते आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेले वेगळे.

आमच्या खटल्यातली 'मूळ प्रत' म्हणजे हेड उतरवण्यापूर्वीचा, तापलेल्या इंजिनाचा, मंद चालीतला दाब. तो कोणीच नोंदवला नव्हता. चालकाने नाही, मामांनी नाही आणि मिस्त्रीनेही नाही. काम होण्याआधी काटा किती होता असे विचारले असते तर एकालाही उत्तर देता आले नसते. नव्या कामानंतर प्रत्येकाची नजर मीटरवर गेली. त्याआधी तिकडे कोणी पाहत होते की नाही, हेच सांगता येत नाही.

तर्काचे दुसरे साधन मात्र शिल्लक राहिले. तो हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात ट्रक दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला, तिथे क्रँक उतरवला गेला आणि सर्व बेअरिंगे बदलली. काटा पुन्हा जागेवर आला. काढलेल्या बेअरिंगांपैकी मेन बेअरिंगचा एक अर्धगोल मामांच्या टेबलावर कागद दाबायला म्हणून कित्येक वर्षे होता. परवा तो मी हातात घेऊन नीट पाहिला. अशा बेअरिंगची पाठ पोलादाची असते, तिच्यावर तांबे आणि शिसे यांचा थर असतो आणि सर्वात वर केसाहूनही पातळ असा शिशाचा करडा मुलामा. या अर्धगोलाच्या मधल्या भागातला मुलामा पूर्ण गेलेला आहे आणि खालचे तांबे एकसारखे, गुळगुळीत उघडे पडले आहे. कडांकडे ते हळूहळू करड्या रंगात मिसळते. त्यावर खोल ओरखडे नाहीत, रुतलेले कण नाहीत. हेडच्या कामात खाली पडलेल्या कचऱ्याने बेअरिंग कापले असते तर त्याच्या रेघा दिसल्या असत्या. अशी सपाट झीज एका आठवड्यात होत नाही. ती हजारो मैलांची असते.

खालची फट अशा रीतीने आधीपासूनच रुंद होती. मिस्त्री म्हणत होता तेच खरे होते : खालचे त्याने उघडलेच नव्हते. त्याची चूक काढायचीच तर एवढी काढता येईल की, हेडला हात लावण्यापूर्वी त्याने इंजिन तापवून काटा मालकाला दाखवायला हवा होता आणि "खालचंही थकलंय, वरचं नवं केलं म्हणून खालचं नवं होणार नाही," असे सांगायला हवे होते. पण हंगाम तोंडावर असताना हे ऐकायला मालक तयार झाला असता का, हा प्रश्न उरतोच. 'फुल इंजिन' कामाचा खर्च परवडत नाही म्हणूनच तर फक्त हेडचे काम सांगितले जाते.

मी हे सारे मामांना सांगितले. ते आता थकले आहेत. ट्रक विकून वीस वर्षे झाली. त्यांनी तो अर्धगोल माझ्या हातून घेतला, अंगठ्याने तांब्यावरून फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचे दीडशे रुपये ऱ्हायले होते." मिस्त्री हयात आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तालुक्याला कोणाला तरी विचारून पाहा, असे त्यांनी मला निघताना सांगितले.